पांढऱ्या बाजूने चाला : लाओसमधले नऊ दिवस

लाओसला बहुतेक लोक लुआंग प्राबांगचे विहार आणि धबधबे बघायला जातात. ते बघावेतच. हा मार्ग मात्र वेगळ्या कारणासाठी आखलेला आहे. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. विमानांच्या फेऱ्या सुमारे ५ लाख ८० हजार. तेव्हाची लोकसंख्या पंचवीस-तीस लाखांच्या घरात धरली, तर माणशी पाऊण टनाच्या आसपास. आणि हे युद्ध कधी जाहीरच झालं नाही, कारण १९६२ साली जिनिव्हात लाओस तटस्थ राहील या करारावर खुद्द अमेरिकेची सही होती. सही उत्तर व्हिएतनामचीही होती आणि त्यांनीही तो पाळला नाही. जे कागदावर आणायचंच नव्हतं ते कागदांत कसं सापडणार? म्हणून इथे वस्तू बघायच्या: कमान, चमचे, कुंड्या, फरश्या.

तयारीचं आधी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारावरची शेतं जाळतात, धुराने आकाश पांढरं होतं आणि या मार्गावरच्या फोन्सावान शहराची विमानं रद्द होतात. फोन्सावान समुद्रसपाटीपासून ११०० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि स्वस्त गेस्ट हाउसमध्ये हीटर नसतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच. चलन किप. एका रुपयाला अडीचशेच्या आसपास किप मिळतात आणि सर्वांत मोठी नोट एक लाखाची, त्यामुळे पाकीट फुगतं. एटीएम एका वेळी थोडेच पैसे देतं आणि दर वेळी शुल्क कापतं. डॉलरच्या न दुमडलेल्या, न फाटलेल्या नोटा जवळ ठेवा. शाकाहाऱ्यांनी दोन वाक्यं पाठ करावीत: ‘किन जे’ म्हणजे शाकाहारी जेवतो, आणि ‘बो साय पादेक’ म्हणजे पादेक घालू नका. पादेक म्हणजे आंबवलेल्या माशांचा दाट रस. तो पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा असतो आणि सांगितलं नाही तर हमखास येतो. सोबत मिळणारा चिकट भात बांबूच्या टोपलीत येतो. तो हाताने गोळा करून खायचा. टोपलीचं झाकण लगेच बंद केलं नाही तर भात कडक होतो.

पहिला दिवस : उदोन थानी ते व्हिएन्तियान

मुंबईहून बँकॉक, तिथून देशांतर्गत विमानाने उदोन थानी. हा मार्ग स्वस्त पडतो म्हणून लोक निवडतात. पण विमान ज्या धावपट्टीवर उतरतं ती साठच्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या तळाची होती. सीआयएची विमान कंपनी ‘एअर अमेरिका’ लाओसमधलं काम इथूनच चालवायची. मोठ्या सत्तेला लाओस दूर असला, तरी तिची विमानं शेजारच्या घरातच उभी होती. उदोनहून नाँग खाइपर्यंत साधारण ५५ किलोमीटर, व्हॅनने तासभर.

मेकाँगवरचा मैत्री पूल १९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या पैशाने झाला. थाई शिक्का घेतला की पुलावरून शटल बसने जायचं, चालत सोडत नाहीत. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून, त्यामुळे पुलाच्या तोंडाशी सिग्नलवर बाजू बदलते. पलीकडे व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो. अर्ज, एक फोटो, सहा महिने मुदतीचा पासपोर्ट आणि ४० डॉलरच्या आसपास शुल्क लागतं, सुट्टीच्या दिवशी वर थोडं जादा. बाटमध्ये भरलं तर महाग पडतं. इथली नेहमीची चूक थायलंडच्या प्रवेशाबाबतची: परतताना थायलंडमध्ये पुन्हा प्रवेश होतो, तेव्हा तिथले नियम दोन प्रवेशांच्या हिशेबाने आधीच तपासा.

संध्याकाळी पातूसाय. पॅरिसच्या कमानीवर बेतलेली ही सात मजली कमान १९५७ ते १९६८ या काळात उभी राहिली. सिमेंट अमेरिकेने दिलं होतं, पण विमानतळाच्या कामासाठी. लाओसच्या सरकारने त्याची कमान बांधली. ‘उभी धावपट्टी’ हे टोपणनाव तेव्हापासूनचं. छोट्या देशाला मदत मिळते तेव्हा ती कशासाठी वापरायची हे देणारा ठरवतो, असा सर्वसाधारण समज आहे. इथे तो उलटा झालेला दिसतो. खुद्द कमानीतच अनेक वर्षं एक सरकारी पाटी होती आणि तिच्यात या वास्तूला ‘काँक्रीटचा राक्षस’ म्हटलं होतं. इतका प्रामाणिक सरकारी फलक दुसरीकडे मिळणं कठीण. समोरच्या बागेतलं कारंजं चीनने दिलेलं आहे. जिने चढून वर जा, संध्याकाळी पाचनंतर ऊन सोसवतं.

दुसरा दिवस : व्हिएन्तियान

सकाळी कोप केंद्र, बॉम्बने हात-पाय गेलेल्यांना कृत्रिम अवयव देणारं. खू व्हिएंग रस्त्यावर, सरकारी पुनर्वसन रुग्णालयाच्या आवारात. प्रवेश मोफत, देणगी ऐच्छिक, दीड-दोन तास पुरतात. छताला तारांवर क्लस्टर बॉम्बच्या गोळ्या टांगल्या आहेत. बीएलयू-२६ या जातीची गोळी टेनिसच्या चेंडूएवढी असते आणि आत शेकडो पोलादी छर्रे असतात. एका डब्यात अशा साडेसहाशेच्या वर गोळ्या. डबा हवेत उघडतो, गोळ्या फिरत खाली येतात आणि त्या फिरण्यानेच त्यांचा स्फोटक खटका तयार होतो. फेरे पुरे झाले नाहीत, किंवा गोळी झाडाच्या फांद्यांत, मऊ चिखलात पडली, तर खटका अर्धवट राहतो. लाओसवर अशा २७ कोटींहून जास्त गोळ्या पडल्या आणि ३० टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत, असा अंदाज आहे. म्हणजे आठ कोटींच्या आसपास. लाओ लोक त्यांना ‘बोम्बी’ म्हणतात. नाव खेळण्यासारखं, आकार चेंडूचा. मुलं उचलतात ती याचमुळे.

भिंतीवर गावकऱ्यांनी स्वतः बनवलेले जुने पाय लावले आहेत: लाकडाचे, बांबूचे, बॉम्बच्या पत्र्याचे. त्यांच्याजवळ थोडं थांबा. केंद्रात बनणारा पाय पॉलिप्रॉपिलीनचा असतो. खुंटाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून भरीव नमुना ओतायचा, तो तासून नेमका करायचा, भट्टीत मऊ झालेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर पांघरायचा आणि हवा ओढून चिकटवायचा. जोडणीचा कोन चुकला तर कंबर दुखते, खोबण सैल झाली तर कातडी सोलते, आणि मग माणूस पाय काढून कोपऱ्यात ठेवून देतो. मोठ्या माणसाला दोनेक वर्षांनी नवा पाय लागतो. वाढत्या मुलाला सहा महिन्यांतही.

सप्टेंबर २०१६ मध्ये बराक ओबामा इथे आले. पदावर असताना लाओसला आलेले ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देऊ असं त्यांनी जाहीर केलं. मदत करणं हे अमेरिकेचं नैतिक कर्तव्य आहे असं म्हटलं, माफी मात्र मागितली नाही. या भेटीआधीचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेपत्ता अमेरिकी सैनिकांच्या अवशेषांसाठी दोन्ही देशांचं पहिलं संयुक्त उत्खनन १९८५ साली पाक्सेजवळ झालं. बॉम्ब काढायला मॅग ही ब्रिटिश संस्था आली १९९४ साली, आणि यूएक्सओ लाओ हे न फुटलेले बॉम्ब काढणारं सरकारी खातं सुरू झालं १९९६ मध्ये. आधी त्यांची हाडं, मग यांची शेतं.

भारताचा संबंधही इथलाच. १९५४ पासून लाओसमधल्या शस्त्रसंधीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हिएन्तियानहून हनोईला निघालेलं आयोगाचं विमान १३ जणांसह नाहीसं झालं. त्यात भारतीयही होते. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २०१० मध्ये लागू झाला आणि सदस्य देशांची पहिली बैठक मुद्दाम व्हिएन्तियानमध्ये भरली. अमेरिका त्या करारात नाही. भारतही नाही.

तिसरा दिवस : रेल्वेने लुआंग प्राबांग

लाओस-चीन रेल्वे ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. लुआंग प्राबांगला पूर्वी दिवसभराचा घाट होता, आता दोन तासांच्या आत. तिकीट काही दिवस आधीच खुलतं आणि सुट्टीच्या हंगामात लगेच संपतं. ॲपवर परदेशी कार्ड चाललं नाही तर शहरातल्या तिकीट कचेरीत रोख भरा. स्टेशन शहराबाहेर आहे, गाडीच्या तासभर आधी पोचा. तपासणीत चाकू, कात्री आणि दाबाचे डबे काढून घेतात. डास मारायचा आणि अंगाला लावायचा स्प्रे हमखास जातो, तेव्हा मलमच घ्यावं. खिडकीतून फार काही दिसत नाही, जवळपास निम्मा मार्ग बोगद्यांत आहे. प्रकल्पाचा खर्च सहा अब्ज डॉलरच्या घरात, मालकी ७० टक्के चीनची. लाओसवरच्या कर्जाचा विषय गावोगाव निघतो तो किपच्या घसरणीमुळे. लुआंग प्राबांग स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे रात्रीची झोप घ्या.

चौथा दिवस : फोन्सावानची वाट

सकाळी आठ-साडेआठची व्हॅन. अंतर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, वेळ सात ते आठ तास. फू खुनपर्यंत १३ क्रमांकाचा रस्ता, तिथून पूर्वेकडे ७ क्रमांकाचा. वळणं संपतच नाहीत, उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या आणि पुढची जागा मागा. या रस्त्यांवर लघवीसाठी गाडी थांबते तिथेच, डांबराच्या कडेला उरकायचं. झुडपांत शिरायचं नाही. ही सूचना बायकांना जास्त त्रासाची आहे हे खरं, म्हणून फू खुनच्या थांब्यावर स्वच्छतागृह नक्की वापरा.

दक्षिणेच्या डोंगरांत लाँग तिएंग आहे. तिथे सीआयएने ह्माँग जमातीचं सैन्य जनरल व्हांग पाओच्या हाताखाली उभं केलं. धावपट्टीभोवती हजारो माणसांचं गाव वसलं, पण नकाशावर ते नव्हतं. मे १९७५ मध्ये विमानं थोडी आणि माणसं फार, अशा गोंधळात ते रिकामं झालं. आज ह्माँगांची मोठी वस्ती अमेरिकेच्या मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियात आहे. या मार्गात ते गाव घेतलेलं नाही, वाट वाईट आहे आणि परवानगीचा भरवसा नसतो.

फोन्सावान युद्धानंतर वसवलेलं शहर, सरळ रस्त्यांचं, रुक्ष. मुख्य रस्त्यावर मॅगचं माहिती केंद्र आहे आणि जवळच स्फोटांतून वाचलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं. दोन्ही संध्याकाळी बघून घ्या, उद्याचं चालणं त्यावर अवलंबून आहे.

पाचवा दिवस : रांजणांचं पठार, नापिआ, मुआंग खून

गाडी आणि चालक दिवसभरासाठी ठरवा. स्कूटर मिळते, पण पावसानंतर रांजणांच्या तिसऱ्या स्थळाकडचा रस्ता चिखलाचा होतो.

शियेंग ख्वांगच्या पठारावर दगडाचे प्रचंड रांजण विखुरलेले आहेत. २०१९ मध्ये १५ स्थळं आणि १३२५ रांजण मिळून जागतिक वारसा यादीत गेले. साधारण इसवी सनपूर्व ५०० ते इसवी सन ५०० हा काळ मानतात आणि ते अंत्यविधीशी संबंधित असावेत, असं १९३० च्या दशकात फ्रेंच संशोधक मादलेन कोलानी यांनी मांडलं. गावकरी म्हणतात, राजाने विजयोत्सवाची दारू मुरवायला केले. पहिलं स्थळ शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. सर्वांत मोठा रांजण इथलाच, अडीच मीटरहून उंच. त्यांच्यामध्ये बॉम्बचे गोल खड्डे आहेत. रांजण फुटलेत ते काही काळाने, काही या खड्ड्यांनी.

आता पायाखाली बघा. वाटेच्या कडेला चौकोनी फरशी बसवलेली दिसेल, अर्धी पांढरी, अर्धी लाल, वर मॅगची अक्षरं. पांढऱ्या बाजूची जमीन आतपर्यंत तपासून साफ केलेली. लाल बाजूला फक्त पृष्ठभाग डोळ्यांनी पाहिलेला. दोन्हींत बोटभर अंतर. छायाचित्रासाठी मागे सरकत जाणारे लोक इथेच चुकतात. आधी खाली बघा, मग कॅमेरा.

साफसफाई कशी होते तेही जाणून घ्या, रस्त्यावरून तुकड्या दिसतात. आधी गावात विचारपूस. मग एक किलोमीटरचा चौरस शंभर-शंभर मीटरच्या शंभर घरांत वाटतात आणि शोधयंत्र घेऊन फिरतात. ज्या घरात गोळी सापडते ते नकाशावर लाल होतं. लाल घरांभोवती सीमा आखून मग इंच न् इंच साफ करतात. मुख्य अडचण धातूच्या कपच्यांची. यंत्र प्रत्येक कपचीला वाजतं, आणि वाजलं की खणावंच लागतं. शेतीसाठी साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत जमीन साफ करतात. म्हणून भाताला योग्य ठरलेली जमीन विहिरीला किंवा घराच्या पायाला योग्य ठरेलच असं नाही. सापडलेली गोळी हलवत नाहीत. वाळूच्या पिशव्या रचतात, शेजारी स्फोटकं लावतात, रस्ता अडवतात, भोंग्यावरून इशारा देतात आणि जागीच उडवतात. असा इशारा ऐकू आला तर चालक थांबेल तिथे थांबा, गाडीतून उतरू नका. स्थानिकांच्या अपघातांची दोन मोठी कारणं: कुदळ, आणि जमिनीवर पेटवलेली शेकोटी. खाली पुरलेली गोळी हळूहळू तापते.

दुपारी बान नापिआ, चमच्यांचं गाव. मातीच्या भट्टीत लाकडं पेटवून भांड्यात ॲल्युमिनियम वितळवतात. लाकडी चौकटीत राखेचा साचा असतो. बाई पळीने वरच्या भोकातून रस ओततात, दहा-पंधरा श्वास थांबतात, साचा उघडतात आणि चमचा चिमट्याने बाहेर येतो. कडेची शेपटी तोडून कानस मारली की झाला. पातळ रस, थंड साचा असं झालं तर चमच्याला मध्येच भोक पडतं. तो परत भांड्यात. ॲल्युमिनियम येतं प्रकाशबाणांच्या नळ्या, विमानांचे भाग, खटक्यांची टोपणं यांतून. मोठ्या बॉम्बचं कवच यात नसतं, कारण ते पोलादी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पोलादाला पंधराशेच्या आसपास लागतात, ते लाकडाच्या भट्टीचं काम नव्हे. चमचा घ्यावा का? मागणी वाढली की भंगार गोळा करायला लोक साफ न केलेल्या रानात जातात, हा आक्षेप खरा आहे. गावकरी तपासलेलं भंगार वापरतात म्हणतात, तेही खरं असू शकतं. एक-दोन चमचे घ्या, ढीग नको. गोळीचं रिकामं कवच, छर्रे मात्र कोणी देऊ केले तरी नाही म्हणा. विमानतळावर अडकाल ते वेगळंच.

जाता-येता अंगणं बघा. क्लस्टरचा डबा लांबीने दोन भागांत उघडतो. तो अर्धा डबा चार खुंटांवर ठेवला की कांद्याच्या पातीची कुंडी तयार, कोंबड्यांच्या उंचीच्या वर. काही घरांच्या कोठारांचे खांबही तेच. उंदीर चढत नाहीत, वाळवी लागत नाही.

मुआंग खून ही प्रांताची जुनी राजधानी, शहरापासून तीसेक किलोमीटर. बॉम्बवर्षावात पूर्ण गेली. वात फिया वातमध्ये छप्पर नाही, भिंती नाहीत, भाजलेल्या विटांच्या खांबांमध्ये बुद्ध बसलेला आहे. इथे माहिती देणारं कोणी नसतं आणि त्याची गरजही नाही.

सहावा दिवस : थाम पिउ, मग सामनुआ

सकाळी लवकर निघा, आज दोनशे चाळीस किलोमीटर डोंगर आहे. साठेक किलोमीटरवर मुआंग खामजवळ थाम पिउची गुहा. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी विमानातून सुटलेलं रॉकेट या गुहेत शिरलं आणि आत आसऱ्याला असलेले ३७४ जण मेले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेचे उत्तर व्हिएतनामवरचे हल्ले थांबले होते. मोकळी झालेली विमानं लाओसकडे वळली, त्यामुळे इथल्या लोकांसाठी तो थांबा वाढ ठरला. पायऱ्या चढून आत गेलं की छत काळं आहे आणि जमिनीवर दगडांचा खच. स्थानिक अगरबत्ती लावतात. बूट चांगले हवेत, टॉर्च हवा, आवाज नको.

पुढे सामनुआपर्यंत सहा-सात तास. वाटेत जेवणाच्या जागा मोजक्या, फळं आणि बिस्किटं सोबत असू द्या.

सातवा दिवस : व्हिएंगसाय

सामनुआहून २९ किलोमीटर. आतापर्यंत बॉम्ब जिथे पडले ते पाहिलं, आज ज्यांना मारायला टाकले ते कुठे होते ते. चुनखडीच्या डोंगरांत पाथेत लाओचं, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या बाजूच्या लाओ कम्युनिस्टांचं, नेतृत्व आणि वीस हजारांहून जास्त माणसं गुहांत राहिली. गुहांची फेरी सकाळी नऊ आणि दुपारी एकला निघते, कानातल्या ध्वनिमार्गदर्शकासह. सकाळची घ्या. रुग्णालय, छापखाना, शाळा, बँक सगळं गुहेत. थाम शांगलोत या मोठ्या गुहेत नाटकं आणि संगीताचे कार्यक्रम व्हायचे. शेती रात्री, चुली उजाडण्याआधी, कारण धूर दिसला की विमान यायचं.

पाथेत लाओचे नेते काइसोन फोमविहान यांच्या गुहेत सर्वांत आतली खोली जाड काँक्रीटच्या दाराची आहे. विषारी वायूचा हल्ला झाला तर हवा गाळून आत घ्यायचं हाताने फिरवायचं सोव्हिएत यंत्र तिथे अजून आहे. पाथेत लाओचेच दुसरे नेते, राजपुत्र सुफानुव्होंग यांच्या गुहेबाहेर त्यांच्या मुलाचा स्तूप आहे. शत्रूच्या माणसांनी त्याला पकडून मारलं होतं. १९७५ नंतर याच प्रांतात जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी छावण्या उघडल्या. राजा सावांग वात्थाना यांना १९७७ मध्ये इकडे आणलं, ते परतले नाहीत. त्याबद्दल इथे फार बोललं जात नाही.

आठवा आणि नववा दिवस : परत, आणि सहावा किलोमीटर

सामनुआहून थेट व्हिएन्तियानची बस रात्रभराहून जास्त खाते. त्यापेक्षा व्हॅनने फोन्सावान, मुक्काम, आणि सकाळी विमान. धुक्यामुळे विमान दुपारवर जातं, म्हणून त्याच दिवशीचं पुढचं तिकीट काढू नका.

फोन्सावानला हा जादा मुक्काम पडतोच, तर मॅगच्या केंद्रात पुन्हा जा आणि पैशांचं विचारा. अमेरिकेने बॉम्ब काढण्यासाठी आजवर ३५ कोटी डॉलरहून जास्त दिले आहेत, देणाऱ्यांत तिचा वाटा मोठा. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली तेव्हा इथल्या तुकड्यांचं काम थांबलं. त्याच वर्षी जूनमध्ये लाओसच्या नागरिकांना व्हिसा देण्यावरही निर्बंध आले. आपल्या विकास-उद्दिष्टांत लाओसने २०१६ साली एक जादा, अठरावं उद्दिष्ट घातलं: बॉम्बपासून सुरक्षित आयुष्य.

व्हिएन्तियानला उतरल्यावर टुकटुक करून ‘लाक होक’, म्हणजे सहावा किलोमीटर म्हणा. युद्धाच्या काळात ही अमेरिकी मदत संस्थेच्या आणि सीआयएच्या लोकांची वसाहत होती: अमेरिकी उपनगरातल्यासारखे बैठे बंगले, हिरवळ, कुंपण. १९७५ मध्ये पाथेत लाओचे नेते राजधानीत आले आणि याच बंगल्यांत राहायला गेले. काइसोन यांचं घर आता संग्रहालय आहे. जवळच त्यांच्या नावाची एक भली मोठी इमारतही आहे, टुकटुकवाला सवयीने तिथे नेतो. तुम्हाला ‘घर’ हवं आहे असं स्पष्ट सांगा. दार बंद असेल तर पहारेकऱ्याला विचारा, चप्पल बाहेर काढा. गुहेत नऊ वर्षं काढलेले काइसोन १९९२ मध्ये वारले तोवर इथेच राहत होते. पलंग, पुस्तकं, वह्या जागच्या जागी आहेत आणि खिडकीत अमेरिकी भाडेकरूंच्या काळातले केल्व्हिनेटरचे एसी.

इथून मैत्री पुलाला पाऊण तास धरा. पूल रात्री दहाला बंद होतो, पण उदोनचं संध्याकाळचं विमान असेल तर दुपारी दोनलाच निघा. उरलेले किप लाओसमध्येच संपवा, पलीकडे ते कोणी घेत नाही.